लूसियाच्या सणाला नगरचा गहू

*ताई, माझं माहेर नगरचं, सासर वसईचं. माहेरी आम्ही प्रॉटेस्टंट, सासरी कॅथलिक. लेकीचं नाव लूसिया, वय सात. नाव आजेसासूबाईंनी ठेवलं. यंदा त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि घरी आल्या आल्या त्यांनी सांगून टाकलं, ‘१३ डिसेंबरला लूसियाचा सण घरात झाला पाहिजे. आमच्या वेळी नावाचा सण वाढदिवसापेक्षा मोठा असायचा.’ मला यातलं काहीच माहीत नाही. माझे वडील निवृत्त शिक्षक आहेत, ते फोनवर म्हणाले, ‘संतांचे दिवस पाळणं आपल्यातलं नाही.’ जाऊबाई म्हणतात, ‘ऑनलाइन सेट मागव. फुगे, सोनेरी पडदा, नावाची पाटी, दोन तासांत हॉल तयार.’ मला मात्र लेकीला घेऊन हाताने काहीतरी करायचंय. काय, ते सुचत नाही. संत लूसियाचं चित्र शोधलं तर तिच्या हातात तबक आणि तबकात दोन डोळे! पोरगी घाबरली. आणखी एक. नवऱ्याचं नाव थॉमस. त्याचा सण सासूबाई डिसेंबरात सांगतात, कॅलेंडर जुलैत दाखवतं. आणि माझं नाव तर कुठल्याच संताचं नाही. म्हणजे घरात सगळ्यांचे सण आणि मी भांडी घासायला? (हे गमतीत.)*
*— नगरची लेक, वसईची सून*

कंसातलं ‘गमतीत’ मी वाचलं नाही असं समजा. उत्तराची सुरुवात तिथूनच करते.

तुमचं नाव इथे छापत नाही, पण त्याचा अर्थ दया, एवढं सांगायला हरकत नसावी. ईस्टरनंतरच्या पहिल्या रविवारला कॅथलिक चर्चमध्ये ‘डिव्हाइन मर्सी’चा रविवार म्हणतात. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली तो सगळ्या चर्चसाठी जाहीर केला. मर्सी म्हणजे तुमचंच नाव की! सासूबाईंना विचारून बघा, त्या दिवशीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, त्यांना नक्की माहीत असणार. तो फारच मोठा मान वाटत असेल, तर ग्रीक लोकांची सोय घ्या. त्यांच्याकडे नावाचा सण आजही वाढदिवसाच्या वरचढ असतो, आणि ज्याच्या नावाचा संतच नाही त्याने सर्व संतांच्या दिवशी आपला सण करायचा अशी पद्धत आहे. आपल्याकडे सर्व संतांचा सण १ नोव्हेंबरला येतो. दुसऱ्या दिवशी सगळी वसई दफनभूमीत फुलं आणि मेणबत्त्या घेऊन जाते, म्हणजे घरात माणसं असतातच. तुमची तारीख ठरली. त्या दिवशी भांडी थॉमसराव घासतील.

आता वडील. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही, हे आधी मान्य करा. तुमच्या माहेरच्या मंडळींनी ज्या शिकवणुकीतून ‘बाप्तिस्मा’ हा शब्द घेतला, तीत संतांची मध्यस्थी मागत नाहीत. सासरी त्यालाच ‘स्नानसंस्कार’ म्हणतात आणि संत म्हणजे घरातलं थोरलं माणूस असल्यासारखं बोलतात. हा फरक तुम्ही एका सणात मिटवू शकणार नाही, मिटवायला जाऊही नका. पण मास्तरांना इतिहास आवडत असेल तर एक गोष्ट सांगा. जर्मनीत १० नोव्हेंबर १४८३ ला एक मूल जन्मलं. दुसऱ्या दिवशी त्याचा बाप्तिस्मा झाला. तो ११ नोव्हेंबर, संत मार्टिनचा दिवस, म्हणून त्याचं नाव मार्टिन ठेवलं. आडनाव ल्यूथर. खुद्द ज्यांच्यापासून तुमची प्रॉटेस्टंट सुधारणा सुरू झाली त्यांचं नाव असं कॅलेंडरवरून आलेलं आहे. आणि स्वीडन हा देश सोळाव्या शतकापासून ल्यूथरचा, पण तिथल्या पंचांगात आजही रोजच्या तारखेपुढे नाव छापतात, आणि १३ डिसेंबरला ‘लूसिया’ असतं. तिथल्या शाळांमधून, कचेऱ्यांमधून, चर्चमधून त्या सकाळी पांढरे झगे घातलेल्या मुली गाणी म्हणत फिरतात. त्यांतले फार थोडे कॅथलिक.

हे वाद जिंकायला सांगत नाही. मास्तरांना हरवून तुम्हाला काय मिळणार? त्यांच्याकडून एक वस्तू हवी आहे, तिच्याकडे येतेच.

त्याआधी जाऊबाईंचा सेट. पैशाचा प्रश्न नाही, वेळेचाही नाही, तो खरंच दोन तासांत लागतो. पण तो कोणालाही लागतो. तोच सोनेरी पडदा बारशाला, तोच रिटायरमेंटला, फक्त पाटीवरची अक्षरं बदलायची. वाढदिवसाला ते चालून जातं, कारण वाढदिवस मुलीचा असतो, तिचं वय सांगितलं की झालं. नावाच्या सणात वय नसतंच. पोलंडमध्ये मोठ्या माणसांना हा सण म्हणूनच बरा वाटतो, मेणबत्त्या मोजाव्या लागत नाहीत. त्या दिवशी हे नाव पहिल्यांदा कोणाचं होतं ते घरात सांगायचं असतं, आणि सजावट त्या सांगण्याला हातभार लावण्यापुरती. त्यामुळे तेरा तारखेला भिंतीवर काय लावायचं हे ठरवायच्या आधी लूसिया कोण होती हे तुम्हाला माहीत हवं.

ती इटलीतल्या सिसिली बेटावरच्या सिराक्यूज शहराची. साधारण इ. स. ३०४ मध्ये, रोमन सम्राट डायोक्लेशनने ख्रिस्ती लोकांचा छळ मांडला त्यात मारली गेली. जुनी कथा अशी की तिची आई बरीच वर्षं आजारी होती. दोघी मायलेकी काटानियाला संत आगाथाच्या कबरीशी गेल्या आणि आई बरी झाली. मग लूसियाने आईला गळ घातली, की माझ्या हुंड्यासाठी ठेवलेलं सगळं गरिबांना वाटून टाक. वाटलं. ज्याच्याशी लग्न ठरलं होतं त्या गृहस्थाला हुंडा गेल्याचं कळलं आणि त्याने तिला ‘ही ख्रिस्ती आहे’ म्हणून अधिकाऱ्यांच्या ताब्यात दिलं. हुंडा गेला म्हणून पोरीला मरणाच्या दारात उभी करणारा माणूस आपल्याकडच्या बायकांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

डोळ्यांची गोष्ट या जुन्या कथेत नाही. ती पुष्कळ नंतर, मध्ययुगात चिकटली. लूसिया हे नाव लॅटिनमधल्या उजेडाच्या शब्दावरून आलं. उजेड म्हणून डोळे, डोळे म्हणून तबक, असा तो प्रवास दिसतो. चित्रकारांना संत ओळखू येण्यासाठी प्रत्येकाच्या हातात काहीतरी द्यावंच लागायचं. लेकीला इतकंच सांगा: ज्यांना नीट दिसत नाही ते लोक हिची आठवण काढतात, जशी पणजी काढते. चित्र हवंच असेल तर तबकवालं नको. दिवा घेतलेली लूसियाही चित्रांत सापडते, ती घ्या.

आता गहू.

क्रोएशियात आणि हंगेरीत १३ डिसेंबरला घरोघर एका बशीत गहू पेरतात. नाताळपर्यंत तो हिरवागार उगवतो, मग त्याला फीत बांधून, मध्ये मेणबत्ती उभी करून टेबलावर ठेवतात. क्रोएशियात काही ठिकाणी तेरापर्यंत थांबत नाहीत, ४ डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशीच पेरतात. वाचताना तुमच्या डोळ्यांपुढे नगरच्या शेजाऱ्यांचे घट आले असतील. येऊ देत. नवरात्रात घटाभोवतीचं धान नऊ दिवसांत केवढं होतं ते तुम्ही लहानपणापासून पाहिलंय. चार ते तेरा डिसेंबर मोजा, नऊच दिवस होतात. आणि लूसियाचा नोव्हेना, म्हणजे सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, तोही चारलाच सुरू होतो. सासूबाई किंवा आजेसासूबाई नोव्हेना करत असतील तर त्यांच्या पहिल्या प्रार्थनेच्या दिवशी तुम्ही आणि लेकीने गहू पेरायचा. ‘हे तर घट बसवल्यासारखं झालं’ असं कोणी म्हणालंच, तर क्रोएशियाचं नाव सांगा. तिथले लोक वसईकरांइतकेच पक्के कॅथलिक.

गहू मास्तरांकडून मागवा. दोन किलो लोकवन, पार्सलने. ‘बाबा, लूसियाच्या सणाला या’ असं म्हटलंत तर ते अडून बसतील. ‘बाबा, नातीला गहू पेरायचाय, वसईत चांगला मिळत नाही’ म्हणा, मग बघा. शेतातला किंवा ओळखीच्या माणसाकडचा, साठवणीचं औषध न लावलेला हवा, एवढं मात्र आवर्जून सांगा. कारण त्यातलाच खिरीत जाणार आहे. शिवाय जुना, किडका गहू धड उगवत नाही, आणि सात वर्षांच्या मुलीला ‘थांब, येईल’ असं किती दिवस सांगणार?

पेरणी अशी. तीन तारखेच्या रात्री दोन मुठी गहू धुऊन भिजत घाला. चारला सकाळी उपसा. पसरट स्टीलची थाळी किंवा मातीची परळ घ्या, तीत बोटभर माती घाला. माती नको असेल तर कापसाचा पातळ थरही चालतो. त्यावर गहू असा दाटीवाटीने पसरा की खालचं काही दिसू नये, पण दाण्यावर दाणा चढू नये. हे काम लेकीच्या बोटांचं, तुम्ही हात लावू नका. वर ओलं फडकं टाकून दोन दिवस अंधारात, ओट्याखाली ठेवा. तिसऱ्या दिवशी पांढरे कोंभ दिसले की फडकं काढून खिडकीत. पाणी हाताने शिंपडायचं, सकाळ-संध्याकाळ, ओतायचं कधीच नाही. माझी पहिली थाळी मी जास्त पाणी घालूनच घालवली. चौथ्या दिवशी पांढरी लव दिसली, मला वाटलं मुळं, निघाली बुरशी. घरभर वास सुटला होता. म्हणून थाळी रोज थोडी कलती करून बघा, तळाला पाणी साचलेलं दिसलं तर ओतून द्या.

एका बाजूने ऊन येत असेल तर रोपं तिकडे झुकतात. रोज थाळी अर्धी फिरवायची, हेही लेकीलाच सांगा. नवव्या दिवशी चांगलं चार-पाच बोटं उंच हिरवं रान तयार होईल. कडेने लाल फीत बांधा, साधी साटीनची, रिबिनीच्या दुकानातली. लाल, कारण हुतात्म्यांचा रंग तो. हॉलमध्ये त्या दिवशी दुसरं काही नसलं तरी चालेल.

तरी मुलीला डोक्यावर काहीतरी लागणारच, आणि लूसियाचा मुकुट करण्याजोगा आहे. लूसिया लपून बसलेल्या ख्रिस्ती लोकांना अंधारात अन्न पोचवायला जायची, हात मोकळे राहावेत म्हणून दिवे डोक्यावर बांधायची, अशी एक लोककथा आहे. स्वीडनच्या मुकुटाची गोष्ट यावरूनच सांगतात. तिथली ती मिरवणूक आपण समजतो तितकी पुरातन नाही. १९२७ मध्ये स्टॉकहोमच्या एका वर्तमानपत्राने ‘आमची लूसिया निवडा’ अशी स्पर्धा घेतली आणि तिथून ती देशभर पसरली. वर्तमानपत्रवाल्यांनी सुरू केलेल्या सगळ्याच गोष्टी वाईट नसतात, हे मी सदर लिहिते म्हणून म्हणत नाही.

खऱ्या मेणबत्त्या नकोत. सांगतेय ती पोळलेली बाई. भाचीसाठी मी एकदा हौसेने खऱ्या लावल्या. आग वगैरे लागली नाही, पण मेण ओघळून केसांत गेलं आणि ती रडायला लागली. मग खोबरेल तेल लावून तासभर विंचरत बसलो, सण राहिला बाजूला. बॅटरीचे छोटे दिवे मिळतात, तेही मला फारसे पटत नाहीत. जड असतात, मुकुट एका बाजूला लवंडतो. कागदाची ज्योत छान दिसते.

खराट्यातले, म्हणजे नारळाच्या झावळीचे पाच-सहा हीर घ्या, तासभर पाण्यात ठेवा म्हणजे वाकताना मोडणार नाहीत. लेकीच्या डोक्याच्या मापाहून बोटभर सैल असं कडं करा आणि जागोजाग बांधा. बांधायला दोरा नको, तुमच्या वाडीत केळी असतील, वाळलेलं सोपट ओलं करून त्याच्या पट्ट्या काढा. सुतळीपेक्षा मऊ, कपाळाला टोचत नाही. वरून हिरवा क्रेप कागद गुंडाळा. मेणबत्त्या पांढऱ्या कार्डपेपरच्या, पेन्सिलीभोवती गुंडाळून केलेल्या नळ्या, वीतभर नकोत, बोटाएवढ्या पुरे. सात करा, तिच्या वयाच्या म्हणून नव्हे, कड्यावर सात नीट बसतात म्हणून. ज्योतीला पतंगाचा पिवळा आणि केशरी कागद, दोन्ही एकावर एक ठेवून पानाच्या आकारात कापायचे आणि बुडाशी पीळ देऊन नळीत खोचायचे. पंख्याचा वारा लागला की ते हलतात. तेवढं हलणं पुरतं.

चिकटवायला मैद्याची खळ करा. आमच्या घरी खळीत मोरचूद घालायचे, कीड लागू नये म्हणून. मूल हाताळणार असेल तर ते अजिबात नको, ते विष आहे. दोन दिवसांपुरती ताजी खळ करा, उरली तर फेका.

नावाच्या पाटीचा जाऊबाईंचा मुद्दा मात्र घेण्यासारखा आहे. फक्त ती पाटी लेकीच्या अक्षरात असू दे. चौकोनी कागदाचे तुकडे, एकेकावर एकेक अक्षर. लू, सि, या, तीनच होतात. पताका फारच आखूड दिसते म्हणाल तर मधल्या तुकड्यांवर तिला हवं ते काढू दे. त्यात दीर्घाचं ऱ्हस्व झालं तरी दुरुस्त करू नका. आजोबा मास्तर आहेत, फोटो पाहून ते करतीलच. आणि हे कागद कापायला जाऊबाईंनाच बसवा. सेटची ऑर्डर रद्द केली म्हणून त्यांचं नाक वर असेल, तर कात्री हातात दिल्यावर जरा खाली येतं.

मग तेरा तारीख. आगमनकाळ, म्हणजे नाताळाची वाट बघायचे आठवडे, चालू असतो, नाताळचा धुमधडाका अजून बाकी असतो, म्हणून संध्याकाळची पार्टी ठेवू नका. हा सण पहाटेचा आहे. जुन्या कॅलेंडरात लूसियाचा दिवस वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या रात्रीच्या आसपास यायचा, उजेडाची वाट बघायचा दिवस तो. शाळा असली तरी अर्धा तास लवकर उठवा. पांढरा फ्रॉक, कमरेला तीच लाल फीत, डोक्यावर मुकुट. हॉलचे दिवे लावू नका. लेकीने एका हातात वाटी घेऊन आजेसासूबाईंच्या खोलीत जायचं आणि ‘हॅपी फीस्ट, आजी’ म्हणायचं. फीस्ट लूसियाची, मग आजीला का? कारण नाव त्यांनी दिलंय, आणि त्यांना आता सात पिवळ्या ज्योती वेगवेगळ्या दिसणार आहेत. त्या मोजून घ्या त्यांच्याकडून.

वाटीत गव्हाची खीर. ही माझी आयडिया नाही, सिसिलीची आहे. तिथे असं सांगतात की एका मोठ्या दुष्काळात नेमक्या लूसियाच्या दिवशी धान्याचं जहाज बंदराला लागलं. लोक इतके भुकेले होते की दळायला कोणी थांबलं नाही, गहू तसाच उकडून खाल्ला. म्हणून पालेर्मोत १३ डिसेंबरला ब्रेड आणि पास्ता वर्ज्य, आणि अख्खा गहू शिजवून त्यात ताजं गोड चीज घालून केलेला ‘कुच्चीया’ खातात. आपली गव्हाची खीर याच जातीची. मास्तरांच्या दोन किलोंतला वाटीभर गहू आदल्या सकाळी भिजवा, रात्री पाण्याचा हात लावून खलबत्त्यात कांडून साल पाखडून टाका. मिक्सरला लावायचाच तर एक-दोन झटके, पीठ होऊ देऊ नका. कुकरला चांगल्या सात-आठ शिट्ट्या. गूळ घालून आटवा, जायफळ किसा. माहेरी दूध घालत असाल, सासरी नारळ. इथे सासरचं ऐका, नारळाचं दूध घाला. गुळात गाईचं दूध फाटायची भीती असते, नारळाला ती नाही, फक्त शेवटी घालायचं आणि उकळी येऊ द्यायची नाही.

भेटवस्तू नको. कोणी आणलीच तर घ्या, तोंड वाकडं करू नका.

थॉमसरावांचं राहिलं. सासूबाई आणि कॅलेंडर दोघेही बरोबर आहेत. संत थॉमसचा सण पूर्वी २१ डिसेंबरला असायचा. १९६९ मध्ये रोमने संतांचं कॅलेंडर नव्याने लावलं तेव्हा तो ३ जुलैला नेला. केरळचे सिरियन ख्रिस्ती आधीपासूनच ३ जुलै पाळत आले आहेत. सासूबाई लहानपणी जे शिकल्या ते त्यांच्या बोटांवर बसलेलं आहे. तुम्ही ३ जुलै धरा, आणि २१ डिसेंबरला त्यांनी मुलाला ‘हॅपी फीस्ट’ म्हटलं तर त्याला ‘थँक यू, आई’ म्हणायला सांगा.

खीर झाल्यावरही मास्तरांचा गहू उरेल. त्याचं असं करा: तेराला शाळेतून आल्यावर लेकीने दुसरी थाळी पेरायची, क्रोएशियातल्यासारखी. बारा तारखेच्या रात्री गहू भिजवायला विसरू नका, त्या रात्री खिरीच्या गडबडीत नेमकं तेच राहतं. ती थाळी नाताळच्या गोठ्यात जाईल, मेंढपाळांच्या मागे कुरण म्हणून. वसईत गोठ्यांची हौस केवढी असते ते तुम्ही सून म्हणून बघताच, तुमच्या गोठ्यात यंदा हिरवा कागद नसेल. तोवर पहिल्या थाळीतली पाती वाकायला लागतील. त्यांची टोकं कात्रीने सारखी करा. आणि नगरला व्हिडिओ कॉल लावायचा असेल तर त्याच वेळी लावा, कुरणाला पाणी किती घालायचं ते सांगण्यावाचून मास्तरांना राहवणार नाही.